आज सगळ्यांनाच अडचण

पानमळ्यात अनवाणी जावं लागतं. चपला मळ्याच्या दाराला लावलेल्या ताटीबाहेर काढायच्या, पाय धुवायचे, मग आत. आत हिरवा काळोख असतो. शेवग्याच्या आणि शेवरीच्या खोडांवर चढलेल्या नागवेली, चारी बाजूंनी वारा अडवणारा कूड, पायाखाली बारा महिने ओली माती. बाहेर मिरजेच्या पूर्वेकडचं रखरखीत ऊन आणि आत माजघरासारखा गारवा. मालक लोक मळ्याला देवघर मानतात. देवघराला जे नियम, तेच मळ्याला. त्यातला एक नियम फक्त बायांसाठी आहे, आणि अंबूबाई व्हनमानेचं सगळं आयुष्य त्या एका नियमाच्या दारात उभं राहिलं.

ती जतकडची. कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या वस्तीवर जन्मली. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि घरातल्या माणसांपेक्षा मेंढरं जास्त. लग्न गुंडाशी झालं. दोन वर्षं पाऊस फिरकला नाही तेव्हा मेंढरं विकून दोघं मिरजेकडे आली. गुंडा झाडावर चढून पान खुडायला शिकला. अंबूबाई बायांच्या टोळीत गेली. वेली बांधायच्या, भांगलायचं, पाट्यांनी माती वाहायची, खुडलेलं पान निवडून एकावर एक लावायचं.

पहिल्याच महिन्यात एका मळ्याच्या ताटीशी मालकाच्या आईनं तिला विचारलं, "अडचण हाय काय गं?"

अंबूबाईनं खरं सांगितलं. खोटं सांगायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. म्हातारीनं तिला बाहेर बसवलं. गाडी परत जाणार ती संध्याकाळी, म्हणून ती दिवसभर बाभळीखाली बसून राहिली. त्या दिवसाचा पगार नाही. भाकरीचं गठुडं टोळीबरोबर आत गेलेलं, ते मागायलाही तिला हाक मारता येईना. दुपारी मालकाचं कुत्रं आलं, ताटीच्या फटीतून आत गेलं, थोड्या वेळानं चिखलाच्या पायांनी बाहेर आलं आणि तिच्याजवळ सावलीला बसलं. अंबूबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी तिच्या मनात जे बसलं ते पुढं कधी उठलं नाही.

लगेच काही झालं नाही. अशा गोष्टी लगेच होत नाहीत. आधी गाडीचं भांडण झालं. मालक एका पिकअपमध्ये एवढ्या बाया भरायचे की वळणावर सगळ्या एका अंगाला कलायच्या. एकदा एक पोरगी खाली पडली आणि तिचा खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी अंबूबाई पिकअपमध्ये चढलीच नाही.

ड्रायव्हर म्हणाला, "चढ की मावशे, उशीर व्हतोय."

"माझा बाप मेंढरं भरायचा टेंपोत. ती बी एवढी भरायचा न्हाई," ती म्हणाली. "आमी चालत येतो. तू जा म्होरं."

सगळी टोळी चालत निघाली. मळ्यावर पोचायला दुपार झाली. मालक लालभडक. अंबूबाईनं शांतपणे सांगितलं की आलो तशाच चालत परत जायचंय, तेव्हा ऊन कलायच्या आत निघावं लागेल. आठवडाभर असंच चाललं. मग मोठी पिकअप आली. त्याच्यामागून प्यायच्या पाण्याचा माठ आला, तान्ह्या पोरांसाठी कुडाच्या आत झोळी बांधायची परवानगी आली, औषध फवारल्या दिवशी मळ्यात न जाण्याचा हक्क आला. एकेक गोष्ट अशीच, कुणी दिली म्हणून नाही. त्या भागात पानमळ्यातल्या बायांनी एकत्र येऊन काही मागायची ही पहिलीच वेळ. संघटनेला नाव नव्हतं, पाटी नव्हती. लोक "अंबूबाईची टोळी" म्हणायचे, कधी शिवी म्हणून, कधी नुसतंच.

नको म्हणायचं असलं की तिच्या तोंडात कानडीच यायचं. "ब्याडा." एवढाच शब्द. मालक लोक तो शब्द ओळखायला लागले होते.

पण ताटीतला प्रश्न तसाच राहिला. त्याबद्दल मागणी कशी करायची, कुणाकडं? तो प्रश्न असा होता की पुरुषांना तो ऐकायलाही लाज वाटे, आणि त्यामागचा नियम पाळायला लावताना मात्र नाही.

आदगोंडा पाटलाच्या मळ्यात तो त्याची आई विचारायची. आई वारली. मग विचारणार कोण? मुलगा भरतेश मिरजेत पेठेत पानाचा व्यापार बघायचा. त्याची बायको प्रीती नवी होती, शिकलेली होती, परक्या बायांना असलं विचारताना तिची जीभ वळेना. शेवटी आदगोंडानं ते काम टोळीतल्या मोठ्या बाईवर टाकलं.

"अंबूबाई, तू इमानी हायस. तूच बघ ते," तो म्हणाला.

अंबूबाईनं ते काम घेतलं. काही बायांना राग आला. मालकाची झाली म्हणाल्या.

रोज सकाळी ती ताटीशी उभी राहायची. आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या कानाशी वाकून विचारायची, "अडचण?" कुणी नाही म्हणालं की आत. कुणी खाली बघून हो म्हणालं की अंबूबाई तिच्या पाठीवर हात ठेवायची आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणायची, "जा आत. कुणाला सांगू नको."

ताटीबाहेर बसणं बंद झालं. कुणी बाहेर दिसत नाही हे बायांच्या लक्षात यायचंच. पण प्रत्येकीला वाटायचं, बाकीच्या खोटं सांगून आत येतात. खरं फक्त आपण सांगितलं आणि अंबाक्कानं फक्त आपल्याला पोटात घातलं. त्यामुळं एकही बोलली नाही. आदगोंडाला वाटायचं, आता बाया शहाण्या झाल्या, त्या दिवसांत घरीच राहतात. सगळे समाधानी होते. वेली वाढत होत्या, पानाचे मोठमोठे गठ्ठे बांधून बाजाराला जात होते. वर्षं गेली.

मग शालनचं झालं.

शालन टोळीतली तरणी बाई. नवरा सोडून गेलेला, दोन पोरं शाळेत. भर पावसाळ्यात ती मातीची पाटी घेऊन मळ्यात चालली होती आणि मागून येणाऱ्या आदगोंडाला तिच्या लुगड्यावरचा डाग दिसला. त्यानं मान वळवली. काही बोलला नाही. पुढं दिवाळीच्या सुमाराला मळ्याच्या खालच्या अंगाच्या वेली पिवळ्या पडल्या, मग काळ्या, मग मुळापासून सुटल्या. मर रोग. पाऊस लांबला होता, पाणी साचून राहिलं होतं, शेजारच्या दोन मळ्यांतही तेच झालं. पण आदगोंडाच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातला तो डाग होता. त्यानं बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शालनचं नाव टाकलं. कुणीतरी फोटोही टाकला. त्या दिवसापासून तिला एकही मळा घेईना.

फाल्गुनात वेलींची उतरण असते. वर्षभर चढलेली वेल झाडावरून सोडवून खाली घ्यायची, तिचं वेटोळं मातीत पुरायचं, शेंडा पुन्हा झाडाला बांधायचा. जुनी वेल अशी दरवर्षी नवी होते. सोडवायचं काम पुरुषांचं, पुरायचं आणि बांधायचं बायांचं. या दोन कामांच्या मधे वेळ जाऊन चालत नाही. उन्हात पडलेली वेल दिवसभरात मान टाकते.

उतरणीच्या आधी आदगोंडानं निरोप धाडला. शालननं नारळ घेऊन यावं, मळ्याच्या कोपऱ्यातल्या देव मानलेल्या दगडापुढं सगळ्यांदेखत नाक घासावं, चूक झाली म्हणावं. मग तो ग्रुपवर लिहील, आणि तिला सगळे मळे मोकळे होतील.

शालननं नारळ आणूनही ठेवला. अंबूबाई तिच्या घरी गेली तेव्हा तो कोनाड्यात होता.

"जाणार हायस?"

"न्हाई जाऊन काय करू?" शालन म्हणाली. "चार महिने झालं, लोकांच्या दारात धुणीभांडी मागत फिरतीया. नाक घासलं तर झिजतंय व्हय? एकदा घासायचं नि कामाला लागायचं."

"ब्याडा."

"तुमचं काय जातंय ब्याडा म्हणायला? तुमी काय ताटीत हुबं ऱ्हाऊन विचारणार. कामाबाहेर आमी बसायचं."

अंबूबाई तिच्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "शाले, तू हो म्हणली व्हतीस तवा मी तुला काय म्हणलं?"

"जा आत म्हणला. माझ्यावर उपकार केलासा, ते मी विसरलेली न्हाई."

"उपकार केला न्हाई. सगळ्यास्नीच म्हणती."

शालनला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं कपाळाला हात लावला. "सगळ्यास्नी?"

"एकूण एक. पाटलाची म्हातारी मेल्यापासनं. आता सांग, तू नाक घासलंस तर ते एकटीचं ऱ्हातंय का? तुझ्या नाकासंगं सगळ्यांचं जाणार. उद्या कुठंबी एक वेल वाळली की एक बाई धरायची नि दगडाफुडं न्यायची."

"आनि मळा न्हाई उघडला तर? माझी पोरं तुमी पोसणार?"

अंबूबाईनं नुसतं सांगितलं, "नारळ घरात ठेव. उद्या माझ्यासंगं ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपमध्ये तिनं ताटीतलं गुपित सगळ्यांना सांगितलं. मग एकीनं दुसरीच्या तोंडाकडे बघितलं. "म्हंजे तुला बी?" "आनि तुला?" "मला वाटलं माझं एकटीचं." म्हसवडकडची भामाबाई, टोळीतली सगळ्यात म्हातारी, तोंडाला पदर लावून हसत सुटली. गाडी खड्ड्यातून उडत होती, बाया हसत होत्या आणि ड्रायव्हर आरशातून बघत होता. त्या हसण्यात भीती होती. सगळ्यांना ठाऊक होतं, हे आता आत ठेवता येणार नाही.

मळ्यात गड्यांनी पहाटेच वेली सोडवायला घेतल्या होत्या. ओळीच्या ओळी जमिनीवर उतरल्या होत्या, हिरव्या, लांबलचक, निराधार. कुडावरून कोवळं ऊन आत यायला लागलं होतं. कोपऱ्यातल्या दगडाला हळदकुंकू लागलेलं. आदगोंडा धुतलेल्या धोतरात ताटीशी उभा होता. शालन आलेली बघून त्याला बरं वाटलं.

"नारळ कुठाय?" तो म्हणाला.

"थांबा अण्णा," अंबूबाई म्हणाली. "आधी रीत हुंदे."

ती नेहमीच्या जागी उभी राहिली. पण या वेळी ती कुणाच्या कानाशी वाकली नाही. तिनं मोठ्यानं विचारलं, सगळ्या गड्यांना ऐकू जाईल असं.

"शालन, अडचण?"

"हाय."

"बस तिकडं. लता, अडचण?"

"हाय."

एकामागून एक. प्रत्येक बाई हो म्हणायची आणि बाभळीखाली जाऊन बसायची. गडी हातातली वेल तशीच धरून उभे. कुणी वर बघेना. आदगोंडाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"भामाबाई, अडचण?"

"हाय."

"भामाबाई," आदगोंडाला राहवलं नाही, "तुझा नातू मिलिटरीत गेला की गं."

"व्हय अण्णा. तो तिकडं लडाखला, मी हितं अडचणीत."

एक गडी खुसकन हसला आणि लगेच खोकला. भामाबाई गुडघ्यावर हात ठेवत बाभळीकडे गेली.

शेवटी अंबूबाई एकटी उरली. तिनं आपल्याच टोळीकडे बघून सांगितलं, "मला बी हाय," आणि जाऊन बसली.

आदगोंडानं एकदा सोडवलेल्या वेलींकडे बघितलं. मग सबुरीनं म्हणाला, "बरं. आज विचारलंच न्हाई असं समजू. चला आत. ऊन चढतंय."

"विचारलंय की अण्णा. उत्तर बी मिळालंय. शालनच्या एका डागानं एवढा मळा गेला म्हणता, आमी तर पिकअपभर हाय."

"थट्टा करू नको, अंबू."

"थट्टा न्हाई. शालन पैली आत जाईल, नाक न घासता. आनि ह्या ताटीत परत कुणी कुणाला विचारायचं न्हाई. तुमी हितं सगळ्यांम्होरं सांगा, आमी उठतो."

आदगोंडानं फोन काढला. शेजारच्या गावची टोळी मागवली. अर्ध्या तासानं दुसरी पिकअप धूळ उडवत आली. बाया उतरायला लागल्या, आणि बाभळीखालची टोळी बघून थबकल्या.

"काय झालंय गं?" त्यांच्यातल्या एकीनं विचारलं.

"अडचण," भामाबाई म्हणाली.

"कुणाला?"

"सगळ्यास्नी."

त्या बाईनं बाभळीकडे बघितलं, ताटीकडे बघितलं, तिच्यातून दिसणाऱ्या दगडाकडे बघितलं. शालनला तिनं फोटोवरून ओळखलं असावं. तिचा खाली टेकलेला पाय तिनं परत वर घेतला. "मग आमास्नी बी असंलच," ती म्हणाली. "दादा, वळीव गाडी."

ऊन आता कुडाच्या वर आलं होतं. मळ्यात वेलींची पानं कडेनं मऊ पडायला लागली होती. अंबूबाईला ते उघड्या ताटीतून बसल्या जागेवरून दिसत होतं आणि तिच्यानं बघवत नव्हतं. तिनं या वेली किती वेळा उचलल्या होत्या, पुरल्या होत्या, बांधल्या होत्या. आदगोंडाएवढीच तीही त्यांना ओळखत होती. तिनं मान वळवली नाही.

आदगोंडा तिच्याजवळ आला आणि चक्क मातीत उकिडवा बसला. आवाज उतरला होता.

"माझ्या आज्ज्यानं लावलेली येल हाय ही. तो गेला, बाप गेला, ही ऱ्हायली. हिला मारू नको. तिला म्हण, दोन मिनिटं नाक टेकव. माझ्या मनाचं समाधान."

"अण्णा, तुमाला एक सांगते," अंबूबाई म्हणाली. "तुमची आई गेल्यापासनं मी ह्या ताटीत विचारती. हो म्हणणारी एकबी बाई मी बाहेर बसवली न्हाई. सगळ्या आत गेल्या. त्याच दिवसांत, त्याच हातांनी ही येल बांधली."

आदगोंडानं विचारलं, "सगळ्या वर्सांत?"

"सगळ्या."

"म्हंजे ही मर तुझ्यामुळं."

"म्हणा माझ्यामुळं. मग एवढी वर्सं पान आलं ते कुणामुळं? तुमचं पान औंधच्या यमाईम्होरं जातंय. म्हसवडला सिद्धनाथाला जातंय. तुमच्या जैन बस्तीच्या देवळात पद्मावतीच्या ओटीत जातंय. कुठल्या देवानं परत धाडलं, सांगा."

तो उठला. "मी तुला इमानी म्हणलं व्हतं."

"बायांशी हाय की इमानी."

त्याच वेळी मळ्याशेजारच्या घराच्या मागच्या खोलीचं दार उघडलं. प्रीती बाहेर आली. आदल्या दिवसापासून ती त्या खोलीत अडचण म्हणून कडेला बसली होती. म्हणून तर दगडाची पूजा आदगोंडाला स्वतः करावी लागली होती. खिडकीतून तिनं सगळं ऐकलं असणार. ती अंगण ओलांडून सरळ बाभळीकडे आली. सासऱ्याकडे तिनं बघितलं नाही. शालनच्या शेजारी जागा होती, तिथं ती बसली. शालन जरा सरकली.

आदगोंडा सुनेकडे बघत राहिला. तिला हाक मारावी की नाही हे त्याला ठरवता येईना. मळ्यातून एका गड्यानं विचारलं, "अण्णा, खालची वळ माना टाकाय लागली. काय करायचं?"

त्यावर तो ताटीकडे गेला. पाठ सगळ्यांकडे होती.

"हितनं फुडं हितं कुणी काय विचारणार न्हाई," तो म्हणाला. आणि मग, ताटीतून बाजूला होत, "शालन, ये आत."

शालन उठली. तिनं पाय धुतले, ती आत गेली, आणि दगडाकडे न वळता सरळ खालच्या ओळीकडे गेली, जिथं वेली सगळ्यात जास्त सुकल्या होत्या. तिच्यामागून बाकीच्या. अंबूबाई ताटीशी पोचली तेव्हा आदगोंडानं हात आडवा धरला.

"तू न्हाई. ह्या मळ्यात तुझा पाय परत लागायचा न्हाई. त्या सगळ्या चालतील. तू न्हाई."

आतल्या बाया थांबल्या. भामाबाईनं हातातली पाटी खाली ठेवली. एका शब्दावर त्या सगळ्या परत बाहेर आल्या असत्या. पण अंबूबाईनं आत पडलेल्या वेलींकडे बघितलं, शालनकडे बघितलं. शालननं पहिलं वेटोळं मातीत ठेवलं होतं आणि त्यावर माती ओढत होती.

"चालंल," अंबूबाई म्हणाली. "भामाबाई, उचल पाटी."

ती संध्याकाळपर्यंत बाभळीखाली बसली. काही वेली गेल्याच. बऱ्याच वाचल्या. प्रीती तिच्याजवळ बसून होती. दुपारी तिनं आपल्या हातानं पाणी आणून दिलं आणि अंबूबाई प्यायली.

आदगोंडानं ग्रुपवर शालनला मळे मोकळे केल्याची एक ओळ लिहिली. अंबूबाईबद्दल बरंच लिहिलं. आता तिला पुष्कळ मळे बोलवत नाहीत. काही मळ्यांत अजून विचारतात. काही मळ्यांत विचारायचं थांबलं आहे, कुणी थांबवलं ते न सांगता. जिथं विचारतात तिथल्या ताटीबाहेर ती सकाळी जाऊन बसते आणि आत जाणाऱ्या बायांशी बोलते. मालक हाकलतात. रस्ता सरकारी आहे म्हणून ती हलत नाही.

पण त्या संध्याकाळी हे सगळं पुढं होतं. काम सुटलं. शालन बाहेर आली, कोपरापर्यंत मातीनं भरलेली. अंबूबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. नाकाला माती नव्हती.

"अंबाक्का," शालन म्हणाली, "आता तुमचं कसं व्हायचं?"

"माझं काय? ताटीबाहेर लय जागा हाय," अंबूबाई म्हणाली. "चल, गाडी सुटंल."